महिनाभर इन्स्टा-फेसबुक बंद, पण व्हॉट्सॲप चालू: कसं जमवायचं?

रातराणी: इन्स्टाग्राम-फेसबुकपासून महिनाभर लांब राहायचंय. व्हॉट्सॲप सोडता येणार नाही; शाळा, सोसायटी, ऑफिस सगळं तिथेच. नुसतं ॲप काढून टाकलं तर भागेल का? आणि खरंच फरक पडतो का?

ताकभात: नाही भागत. क्रोममध्ये लॉगिन शिल्लक राहतं आणि हात आपोआप तिकडे वळतो. आधी पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. मग ब्राउझरमधून लॉगआउट करा, तिथला सेव्ह केलेला पासवर्ड पुसा, अकाउंट डीॲक्टिव्हेट करा आणि ॲप सगळ्यात शेवटी काढा.

इन्स्टावर सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल असं आत जायचं. तिथे डीॲक्टिव्हेटच निवडा. डिलीट केलंत तर ३० दिवसांची मुदत मिळते, म्हणजे महिन्याने परत यायला जावं आणि अकाउंट कायमचं गेलेलं असावं!

फेसबुकची खोड वेगळी. एखाद्या गेममध्ये किंवा दुसऱ्या ॲपमध्ये फेसबुकने लॉगिन करत असाल, तर तिथे शिरताच बंद केलेलं अकाउंट पुन्हा चालू होतं. अशा ठिकाणी आधी ईमेल किंवा मोबाइल नंबर जोडून घ्या. मेसेंजर वेगळा चालू ठेवता येतो, पण माझं मत विचाराल तर नकोच.

रातराणी: त्यापेक्षा टायमर लावला तर?

ताकभात: अँड्रॉइडचा ॲप टायमर मध्यरात्री नव्याने सुरू होतो, म्हणजे बाराला जागे असणाऱ्यांची चंगळच. शिवाय काढायलाही सोपा. आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड घरातल्या दुसऱ्या कुणाला टाकायला सांगा आणि 'ब्लॉक ॲट एंड ऑफ लिमिट' चालू ठेवा. नाहीतर 'इग्नोर लिमिट' दाबलं की झालं.

उंबरठा: व्हॉट्सॲपचं बघा. नातेवाइकांचे, शाळासोबत्यांचे ग्रुप अर्काइव्ह करा आणि चॅट्सच्या सेटिंगमध्ये 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड' चालू ठेवा. नाहीतर पहिल्या 'शुभ सकाळ'ला ग्रुप परत वर येतो. मुलांच्या शाळेचा ग्रुप मात्र म्यूट करू नका. चॅनेल अनफॉलो, स्टेटस म्यूट. इन्स्टा सुटलं की लोक स्टेटस चाळत बसतात, रोग तोच. कुणी रीलची लिंक पाठवलीच, तर वर सांगितलेलं लॉगआउट तिथे कामी येतं.

शेवगा: फरकाबद्दल. २०१८च्या अमेरिकी मध्यावधी निवडणुकीआधी संशोधकांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. दिवसाला साधारण तासभर मोकळा झाला, मनःस्थिती सुधारली पण थोडीच, आणि बातम्यांची माहिती कमी झाली. तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको, आणि वर्तमानपत्र लावून घ्या. महिना जड वाटत असेल तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावसारखं करा: तिथे २०२२पासून संध्याकाळी ७ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पण घरातल्या सगळ्यांनी एकदम ठेवायला हवं. एकाचा फोन चालू राहिला की बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघतातच.