मिल्टन हरिकेन येतंय: झोन बी, घरात सासू-सासरे आणि लहान मुलगा. निघावं की थांबावं?

सई_ओल्ड्समार | सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. फ्लोरिडातल्या टँपा बे भागात जुने असलेल्यांनी प्लीज लवकर उत्तर द्या, उद्या सकाळपर्यंत ठरवायचं आहे.

आम्ही ओल्ड्समारला राहतो. पिनेलास काऊंटी, इव्हॅक्युएशन झोन बी. घर एकमजली, काँक्रीट ब्लॉकचं, २००३ सालचं, खिडक्यांना ॲल्युमिनियमची शटर्स आहेत. घर घेतानाच्या कागदांत जमिनीची उंची नऊ फूट लिहिली आहे. काऊंटीने आज ए, बी आणि सी या तिन्ही झोन्सना निघायचा आदेश दिला. नवरा हॉस्पिटलच्या राईडआऊट टीमवर आहे, म्हणजे बुधवारी सकाळी आत गेला की वादळ सरेपर्यंत तिथेच. घरात मी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे, दोघं गणपतीनंतर भारतातून आलेत.

सासरे (आम्ही नाना म्हणतो) ७६ वर्षांचे. इन्सुलिन चालू आहे, रात्री झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागतं, गुडघा बदललेला. आणि ते निघायला तयार नाहीत. मुरूडचे आहेत, दापोलीजवळच्या. २०२० च्या निसर्ग वादळात ते घरातच होते. वाडीतले माड आणि पोफळी डोळ्यांसमोर आडव्या झाल्या, पडवीवरची कौलं पत्त्यासारखी उडाली, तरी ही माणसं माजघरात बसून राहिली आणि संध्याकाळी बाहेर येऊन झाडं मोजायला लागली. पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती. "तुमचं हे घर आमच्यापेक्षा पक्कं आहे, वर स्लॅबसारखं मजबूत छप्पर आहे, कशाला रस्त्यावर हाल करून घ्यायचे," असं त्यांचं म्हणणं. समोरचे शेजारीही थांबणार आहेत. ते म्हणतात, टँपाला कधी काही होत नाही, ऐनवेळी वळतंच.

दोन आठवड्यांपूर्वी हेलीन हरिकेनच्या वेळी पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं. पलीकडच्या गल्लीत अजून लोकांचे भिजलेले सोफे, गाद्या, ड्रायवॉल रस्त्याच्या कडेला पडून आहेत.

अटलांटाला दीर बोलावतोय. पण आय-७५ महामार्ग नकाशावर लालभडक दिसतोय, आज तीन पंप फिरले तेव्हा एका ठिकाणी पेट्रोल मिळालं. एकटीने इतकं लांब गाडी चालवायची, नानांना दर दोन तासांनी उतरावं लागतं. खरं सांगायचं तर मला रस्त्याची भीती वादळापेक्षा जास्त वाटतेय. काय करू?

ओरलँडोकर | रात्री १०:२८

आमच्याकडे या, एक खोली रिकामी आहे. टोल माफ केलेत आणि आय-४ वर शोल्डरवरूनही (कडेच्या पट्टीवरूनही) गाड्या सोडतायत. फक्त हे लक्षात ठेवा की वादळाचा मार्ग ओरलँडोवरूनही जातोय. वारा आणि पाऊस आम्हालाही आहे, समुद्राचं पाणी नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नलूताई_व्हॅलरिको | रात्री ११:१०

सई, तुला 'तू' म्हणते, चालेल ना? मी इथे २००४ च्या चार्ली हरिकेनच्या आधीपासून आहे. डायलिसिस सेंटरला नर्स आहे, त्यामुळे वादळ आलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी नानांच्या वयाची माणसं येतात.

तू निघ. पण अटलांटाला जाऊ नकोस.

आधी नानांचं बोलू, कारण ते उगाच हट्ट करत नाहीयेत. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे आणि वाऱ्याच्या बाबतीत त्यांचं बरोबरही आहे. तुझं घर २००२ च्या नव्या बिल्डिंग कोडनंतरचं आहे, शटर्स आहेत, वारा ते बऱ्यापैकी झेलेल. फक्त वाऱ्याचाच प्रश्न असता तर मीही म्हटलं असतं की आतल्या बिनखिडकीच्या खोलीत बसा. निसर्गने मुरूडला झोडपलं ते मुख्यतः वाऱ्याने. इथे काऊंटीने झोन पाडलेत ते पाण्यासाठी. ए, बी, सी ही अक्षरं समुद्र किती आत येईल यावरून ठरतात, वाऱ्याशी त्यांचा संबंध नाही. (इन्शुरन्सचा फ्लड झोन वेगळा. त्यात तुझं घर 'एक्स' असलं तरी या आदेशात फरक पडत नाही. दरवर्षी कुणीतरी हे दोन एकमेकांत घालतं.)

आता तुझ्याच कागदाचा हिशेब कर. हरिकेन सेंटरने आज टँपा बेसाठी दहा ते पंधरा फूट सर्ज (वादळाने आत ढकललेलं समुद्राचं पाणी) सांगितलाय. हा आकडा किनाऱ्यालगतच्या कोरड्या जमिनीवर किती पाणी चढेल त्याचा. तुझी जमीन नऊ फुटांवर. अंदाजाचं खालचं टोक धरलंस तरी उंबऱ्याशी पाणी, वरचं टोक धरलंस तर बैठकीच्या खोलीत माणसाच्या डोक्याएवढं. एकमजली घर. अंधार. वीज गेलेली. नवा गुडघा घेऊन नाना माळ्यावर चढणार आहेत का, आणि चढले तर छपरातून बाहेर कसे पडणार? नानांना हेच विचार: अमावास्येच्या उधाणाचं पाणी रात्री माजघरात शिरणार असं कोळ्यांनी येऊन सांगितलं असतं, तर ते थांबले असते का? किनाऱ्यावर आयुष्य गेलेला माणूस आहे, त्यांना पाण्याचं समजवावं लागणार नाही.

ओल्ड्समार हे टँपा बेच्या, म्हणजे खाडीच्या, अगदी वरच्या टोकाला आहे, हेही बघ. टँपा बे उथळ आणि लांब. तोंडातून आत ढकललेलं पाणी वर वर येत अरुंद जागेत जमा होतं, त्याला बाहेर जायला वाट नसते. हेलीनचा डोळा इथून शंभर मैलांपेक्षा लांब समुद्रातून गेला होता, तरी बेमध्ये सहा-सात फूट पाणी चढलं आणि पिनेलासमध्ये लोक बुडून मेले. त्यातले काही आपल्या घरात होते.

शेजाऱ्यांचं "टँपाला काही होत नाही" हे मी पहिल्या वर्षापासून ऐकतेय. इथले जुने लोक म्हणतात की मूळ रहिवाशांच्या मातीच्या टेकड्या या भागाला राखतात. श्रद्धा म्हणून ठीक आहे. पण १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये टार्पन स्प्रिंग्जला मोठं हरिकेन धडकलं होतं, आणि टार्पन स्प्रिंग्ज तुमच्यापासून गाडीने किती लांब आहे ते तुला माहीत आहे. चार्ली आमच्याकडे येणार म्हणून आम्ही खिडक्यांना प्लायवूड ठोकून बसलो होतो, ते वळलं आणि पुंटा गोर्डावर गेलं. २०२२ ला इयन असंच वळलं आणि फोर्ट मायर्स बीच धुऊन निघाला, शंभराच्या वर माणसं गेली. त्या त्या वेळी आम्ही वाचलो, पण ते कुणाच्या तरी दारात गेलंच. वादळाचा संभाव्य मार्ग दाखवणारा नकाशावरचा जो शंकू असतो, त्यात तरी शाश्वती कुठे आहे? डोळा शंकूच्या आत राहण्याची शक्यता दोन-तृतीयांशच असते. वीस-तीस मैल इकडेतिकडे होण्यावर तुझं घर बुडेल की कोरडं राहील हे ठरणार, आणि ते बुधवारी दुपारपर्यंत कुणीच सांगू शकणार नाही. तोवर निघायची वेळ टळलेली असेल. वारा ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांवर गेला की ॲम्ब्युलन्स आणि फायर ट्रकसुद्धा बाहेर काढत नाहीत. रात्री दोनला नानांची साखर उतरली तर ९११ वरचा माणूस नुसतं ऐकून घेईल.

आता रस्ता. तुझी भीती अगदी रास्त आहे, म्हणूनच म्हणते, लांब जाऊ नकोस. पाण्यापासून सुटायला राज्य ओलांडावं लागत नाही, झोनच्या बाहेरचं पक्कं घर पुरतं. माझं घर व्हॅलरिकोला आहे. कुठल्याच झोनमध्ये नाही, ब्लॉकचं आहे, लहान जनरेटर आहे, त्यावर फ्रिज आणि नानांचं सीपॅप दोन्ही चालतील. तुझ्यापासून जेमतेम तीस-पस्तीस मैल. आय-७५ वर उत्तरेला लागायचंच नाही. उद्या सकाळी सहाला निघालीस तर नाश्ता माझ्याकडे. सासूबाईंना सांग, पोहे भिजवून ठेवते.

ह्यूस्टनवासी | मध्यरात्र, १२:०२

नलूताईंशी पूर्ण सहमत. मी २००५ साली रीटाच्या वेळी ह्यूस्टन सोडलं होतं. कत्रिना नुकतंच झालेलं, सगळे घाबरलेले, त्यामुळे ज्यांना जायची गरज नव्हती तेही निघाले. आय-४५ वर गाडी बंद करून, एसी बंद करून, दारं उघडी ठेवून लोक बसले होते. पुढे कळलं की त्या पळापळीतच शंभराच्या आसपास माणसं गेली, बरीचशी उन्हाने. नर्सिंग होमच्या म्हाताऱ्या लोकांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली, त्यात २३ जण.

म्हणून इथे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळकळीची विनंती. तुमचं घर झोनमध्ये नसेल, मोबाईल होम (ट्रेलरसारखं हलकं घर) नसेल, घरात विजेवर जगणारं कुणी नसेल, तर घरीच थांबा. तुम्ही रस्ता मोकळा ठेवलात तर सईसारखी माणसं वेळेत पोचतील.

सई_ओल्ड्समार | मंगळवार, ८ ऑक्टोबर, पहाटे ५:४०

निघतोय. रात्री नलूताईंचा मजकूर नानांना मोठ्याने वाचून दाखवला. उधाणाच्या वाक्यापाशी त्यांनी थांबवलं आणि टेपने घराच्या भिंतीवर खूण करायला सांगितली. नवऱ्याने पंधरातून नऊ वजा केले आणि सहा फुटांवर पेन्सिलची रेघ ओढली. नानांनी त्या रेघेखाली उभं राहून पाहिलं. मग आत जाऊन आपली औषधांची पिशवी भरायला घेतली. सासूबाईंनी देव घेतले.

दोन गोष्टी पटकन सांगा: मेन स्विच बंद करून निघायचं का? आणि कागद काय काय?

नलूताई_व्हॅलरिको | पहाटे ५:५२

मेन बंद कर, हो. खारं पाणी चालू वायरिंगमध्ये शिरलं की आग लागते, हेलीननंतर पाहिलंय. नवऱ्याची इलेक्ट्रिक गाडी असेल तर ती गॅरेजात ठेवू नका, हॉस्पिटलच्या पार्किंग इमारतीत वरच्या मजल्यावर लावू दे. पासपोर्ट, सासू-सासऱ्यांचे व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), घराची पॉलिसी. प्रत्येक खोलीचा मोबाईलवर व्हिडिओ काढ, कपाटं उघडून. इन्सुलिन आइस पॅकला थेट टेकवू नकोस, गोठलं की वाया जातं. रस्त्यावर अजून अंधार असेल, सावकाश ये.

सई_ओल्ड्समार | शुक्रवार, ११ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही सुखरूप आहोत, अजून नलूताईंकडेच. बुधवारी रात्री साडेआठच्या सुमाराला डोळा खाली सॅरासोटाजवळ सिएस्टा की बेटाला लागला. रात्रभर घर थरथरत होतं, वीज गेली, मागच्या अंगणातला ओक पडला. नवरा काल घर बघून आला. कुंपणाचे दोन भाग गेले, पण आत पाण्याचा थेंब नाही. बेमधलं पाणी तर उलट बाहेर ओढलं गेलं.

आता नाना म्हणतायत, "बघ, थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?" रागाने नाही, पण म्हणतायत. शेजाऱ्यांचाही मेसेज आला की आम्ही आरामात होतो. मला काय उत्तर द्यावं सुचत नाहीये.

नलूताई_व्हॅलरिको | दुपारी ४:३०

नाना शेजारच्या खोलीत आहेत, त्यांना मी चहाबरोबर सांगेनच. पण इथे लिहून ठेवते, पुढच्या वर्षी कुणीतरी हा धागा उघडेल.

हरिकेन घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. पश्चिमेकडून येणारा डोळा आपल्या दक्षिणेकडून गेला, म्हणजे आपल्या बेवर वारा जमिनीकडून समुद्राकडे आला आणि त्याने पाणी बाहेर ढकललं. डोळ्याच्या दक्षिणेला, व्हेनिस-इंगलवूडच्या बाजूला, तोच वारा समुद्राकडून आत आला, आणि तिथे घरांत वाळू आणि पाणी आहे. हाच डोळा टार्पन स्प्रिंग्जला लागला असता तर ती सगळी ताकद बेमध्ये आली असती. मंगळवारी पहाटे तू निघालीस तेव्हा दोन्ही शक्य होतं. नानांच्या भिंतीवरची रेघ त्या पहाटेच्या माहितीवर ओढली होती आणि त्या माहितीवर निघणंच बरोबर होतं. शेजारी वाचले याचा मला आनंद आहे, पण म्हणून त्यांचा निर्णय बरोबर ठरत नाही.

शिवाय हे वादळ फक्त सर्जचं नव्हतंच. सेंट पीटला (सेंट पीटर्सबर्गला) अठरा इंचांवर पाऊस झाला, ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं छप्पर फाटलं, आणि पार पलीकडच्या किनाऱ्यावर सेंट लूसीला टॉर्नेडोने माणसं गेली, तीही डोळा किनाऱ्याला लागायच्या आधी.

आता घरी जायची घाई नको. नद्या अजून चढतायत, ॲनक्लोट आणि हिल्सबरो दोन्ही, आणि सिग्नल बंद आहेत. वीज आल्यावर जा, दिवसाउजेडी जा. गॅरेजात जनरेटर लावलेला शेजारी दिसला तर आधी त्याला तो बाहेर काढायला सांग. दार उघडं असलं तरी धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू घरात शिरतो आणि त्याला वास येत नाही, वादळानंतर माणसं त्यानेही जातात. नानांचं वापरात असलेलं इन्सुलिन खोलीच्या तापमानाला साधारण २८ दिवस चालतं, पण खोली ३० अंश सेल्सियसच्या खाली हवी. गाडीत ठेवलेली पेन असेल तर टाकून दे. मी उद्या फार्मसीतून नवी आणते, पर्ची मला व्हॉट्सॲप कर.