व्हॅन्कोची अ‍ॅलर्जी म्हणायचं का रिअ‍ॅक्शन? नेमका शब्द सांगा

जुळे सोलापूरकर:
काकांच्या पायाच्या जखमेत एमआरएसए (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जंतू) निघाला म्हणून व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालू केलंय. पहिल्याच सलाईनला मानेला, छातीला खाज सुटली, तोंड तापलं, सिस्टरनी बंद केलं तसं उतरलं. फाईलवर 'रेड मॅन सिंड्रोम' लिहिलंय अन घरात सगळे म्हणतेत अ‍ॅलर्जी आहे. मराठीत काय म्हणावं?

वॉर्डातली सिस्टर:
दादा, अ‍ॅलर्जी तेवढं म्हणू नका. व्हॅन्को भरभर गेलं की अंगातल्या पेशी थेट हिस्टामिन (खाज आणणारं रसायन) सोडतात अन खाज सुटते, खऱ्या अ‍ॅलर्जीसारखं त्यात अँटिबॉडीचं काम नसतं. म्हणून तर १ ग्रॅमला निदान १ तास लावायचा असतो. बहुतेकांना हळू सोडून परत देता येतं, कधी आधी अ‍ॅव्हिल हे खाजेचं औषध देतात, ते डॉक्टर ठरवतील. पण एकदा फाईलवर अ‍ॅलर्जी चिकटलं की पुढचा डॉक्टर व्हॅन्कोला हातच लावत नाही, अन एमआरएसएला पेनिसिलिनवाली नेहमीची औषधं चालत नाहीत, मग पेशंटचंच नुकसान. खरी अ‍ॅलर्जीही क्वचित होते हं, ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली तर लगेच हाक मारा.

फार्मसीवाला:
'रेड मॅन' आता मागं पडतंय, 'व्हॅन्कोमायसिन इन्फ्युजन रिअ‍ॅक्शन' म्हणतात, अन मला ते पटतं. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही कित्येकदा, बायकांनाही होतं, त्यामुळं रंग बघत बसण्यापेक्षा खाज सुटली का, आग होतीय का हे विचारलेलं बरं. 'सलाईनची रिअ‍ॅक्शन' म्हणू नका, त्यानं लोकांना हुडहुडी भरणं वाटतं. मी तर सरळ 'औषध भरभर गेल्याची रिअ‍ॅक्शन' म्हणेन.

जुळे सोलापूरकर:
पटलं. अन 'लेव्हल काढायची' म्हणाले ते काय?

फार्मसीवाला:
रक्तात औषध किती आहे ते बघायचं. पुढच्या डोसच्या जरा आधी घेतात ती ट्रफ, म्हणजे सगळ्यात खालची पातळी. पूर्वी ती लिटरमागं १५ ते २० मिलीग्रॅम ठेवायचे, २०२० च्या अमेरिकी गाईडलाईननं दिवसभर रक्तात राहिलेल्या औषधाचा एकूण हिशोब, ज्याला एयूसी म्हणतात, तो ४०० ते ६०० धरायला सांगितलं, कारण नुसत्या ट्रफच्या मागं लागून डोस जास्त होतो अन किडनीवर येतं. सोबत पिपटाझ किंवा जेंटामायसिन ही दुसरी अँटिबायोटिक असतील तर क्रिएटिनिनवर (किडनीची रक्ततपासणी) जास्तच लक्ष पाहिजे.

वॉर्डातली सिस्टर:
टायकोप्लॅनिन हे व्हॅन्कोच्याच घराण्यातलं औषध, त्यानं अशी रिअ‍ॅक्शन फार कमी होते. काकांच्या फाईलवर औषध, डोस, किती वेळात गेलं अन काय झालं एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या.