फिजिक्स पीएचडीसाठी लेटर स्वतःच लिहून द्यायचं का?

ऊसपट्टा_११
नमस्कार मंडळी, कोल्हापूरला एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, बीएस्सी तीन वर्षांची, सीजीपीए ८.१, पेपर एकही नाही. थिन फिल्म्सवर, म्हणजे काचेवगैरेवर बसवलेल्या अतिपातळ थरांवर प्रोजेक्ट चालूये. डिसेंबरात अमेरिकेत कंडेन्स्ड मॅटरला (घन आणि द्रव पदार्थांचं फिजिक्स) पीएचडीसाठी अप्लाय करायचंय. तीन रेकमेंडेशन लेटर्स लागतात, त्यातलं गाईड सरांचं पक्कं आहे, बाकी दोघे सर म्हणाले तूच लिहून आण, मी सही करतो. सगळे असंच करतात म्हणे. करू का? आणि फिजिक्स जीआरई, म्हणजे प्रवेशासाठीची विषयाची परीक्षा, द्यावी का? आठ ठिकाणच्या फीनेच कंबरडं मोडेल, उसाचं बिल अजून जमा झालेलं नाही घरी.

लॉकइन
अजिबात लिहू नकोस. दोन पत्रं एकाच हाताची असली की वाचणाऱ्याला कळतं, आणि तू स्वतःबद्दल लिहिणार काय तर मेहनती आहे, हुशार आहे, तसं तर सगळ्यांच्याच लेटरात असतं. त्यापेक्षा सरांना एक पान दे, त्यांनी तुला नक्की काय करताना बघितलंय ते आठवून. माझं सांगतो. एमएस्सीला आमच्या सेटअपमध्ये ५० हर्ट्झचा नॉइज काही केल्या जाईना, तीन दिवस केबल बदलत बसलो होतो आणि शेवटी ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या तारांचं वेटोळं निघालं, दोन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटवर होती. मॅडम तेव्हा मागेच उभ्या होत्या. मी त्या पानावर एवढंच लिहिलं, "मॅडम, तो नॉइज आठवतो का?" त्यांनी लेटरात अख्खा परिच्छेद त्यावर लिहिला आणि इंटरव्ह्यूत मला पहिला प्रश्न तोच आला!

जीआरईचं डिपार्टमेंटनुसार बघ. बरेच जण आता मागत नाहीत, काही तर बघतही नाहीत. तुझ्या यादीत घेणारे तीन-चार असतील तर दे, कॉलेजचं नाव तिकडे माहीत नसेल तर चांगला स्कोअर कामाला येतो. २०२३ पासून पेपर कॉम्प्युटरवर असतो, सुमारे ७० प्रश्न, दोन तास. अप्लिकेशन फी माफ होते का ते ग्रॅज्युएट ऑफिसला मेल करून सरळ विचार, त्यात लाज कसली. आणि घरी नीट सांग की पीएचडीला ट्यूशन सहसा माफ असते, शिकवण्याचे किंवा रिसर्चचे पैसे दरमहा मिळतात, जमीन गहाण टाकायची वेळ येत नाही. व्हिसाची फी, सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची वेगळी फी) ३५० डॉलर, तिकीट आणि पहिला महिना एवढं मात्र हाताशी ठेव.

ड्रेस्डेनची_ताई
अरे फक्त अमेरिकाच का? जर्मनीत पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा नोकरीच, जाहिरात निघते, करार होतो, अर्जाला सहसा फी नसते. एमएस्सी लागते ती तुझी होतेच आहे. पगार बहुतेक तिकडच्या सरकारी पगाराच्या टीव्हीएल १३ या श्रेणीत, पण कितीदा अर्ध्या किंवा पाऊण वेळेचा असतो, ते जाहिरातीत नीट वाच. मॅक्स प्लांक या संशोधन संस्थेच्या आयएमपीआरएस, म्हणजे पीएचडीच्या स्कूल्सही बघ. प्रोफेसरांना मेल करताना मात्र त्यांचा अलीकडचा एक पेपर खरंच वाच आणि तुझ्या फिल्म्सशी त्याचा संबंध दोन ओळींत लिही. "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब" असले मेल आमच्या ग्रुपला रोज येतात आणि न वाचताच जातात, त्यातली कितीतरी मुलं चांगली असणार, म्हणून जीव तुटतो.

ऊसपट्टा_११
दादा, ताई, खूप आभार. आठवलं एक. स्प्रे पायरोलिसिसचा (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बसवायची पद्धत) नोझल सारखा चोंदायचा आणि झिंक ऑक्साइडच्या फिल्म्स खरवडल्या की सुटून यायच्या, मी सबस्ट्रेटचं, म्हणजे खालच्या काचेचं तापमान थोडं थोडं वाढवत नेलं तेव्हा कुठे धरायला लागल्या. सॉलिड स्टेटचे सर रोज येऊन वही बघायचे. त्यांनाच विचारतो उद्या. तिसरं कुणाचं ते अजून सुचत नाहीये.

लॉकइन
हेच लिहून दे सरांना, तापमानाच्या आकड्यांसकट. तिसरं लेटर ज्यांच्याकडे सेमिनार दिलास किंवा लॅब केलीस त्यांचं घे, नुसत्या मोठ्या पदाच्या मागे लागू नको. ऑक्टोबरमध्येच सांगून ठेव, पोर्टलची लिंक त्यांना थेट मेलवर येते आणि स्पॅममध्ये पडते. कॉलेजचा मेल आयडी दे त्यांचा, जीमेल नको. आयडी नसेल तर आजच ऑफिसात जाऊन अर्ज करायला सांग.