ग्रुप राइडमध्ये मला स्वीप (सगळ्यात मागे राहणारी) केलंय, मागच्या वेळी एक जण पडला होता, काय काय ठरवून घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा मोठं होणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा, मला खरंच मदत हवी आहे आणि हातात दोनच आठवडे आहेत.

मी ३ वर्षं बाईक चालवतेय, बहुतेक वेळा एकटीच, आणि एकटीने लांब जायची मला भीती नाही वाटत. ग्रुपबरोबर मात्र गेल्या महिन्यात पहिल्यांदा गेले. १४ बाईक्स, त्यातल्या तिघांच्या मागे पिलियन. निघताना ब्रीफिंग वगैरे काही नाही, "सगळे एकत्र राहा, कोणी मागे पडू नका" एवढंच सांगितलं आणि निघालो. मी आणि अजून एक मुलगा, ज्याला लायसन्स मिळून ४ महिनेच झाले होते, आम्हा दोघांना शेवटी ठेवलं, कारण आम्ही हळू चालवतो, आमच्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून. तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

पण तासाभरात दमछाक झाली हो. पुढचे नंतर सांगत होते की आम्ही ६५-७० च्या वर गेलोच नाही, आणि मी तर मागे ९० ला चालवत होते, तरी ते दिसेनात. जरा गाठलं म्हणेपर्यंत सगळे एकदम स्लो, ब्रेक मारा, की परत गायब. पुढे एक ट्रक होता, लीडने (सगळ्यात पुढे राहून ग्रुपला नेणाऱ्याने) ओव्हरटेक केला, त्याच्यामागे दुसरा, तिसरा, आणि मी पण त्याच ओघात बाहेर निघाले, नजर फक्त पुढच्याच्या लाल लाइटवर. समोरून कार आली तेव्हा मी ट्रकच्या मधोमध होते. आत कशी आले ते अजून नीट आठवत नाही. समोर रस्ता मोकळा आहे का हे मी बघितलंच नव्हतं, एकटी असते तर तो ओव्हरटेक मी जन्मात केला नसता, आणि हेच मला सगळ्यात जास्त खातंय.

नंतर एका वळणापुढे लीडने फोटोसाठी अचानक कडेला घेतलं, त्याच्यामागचे भराभर ब्रेक मारत गेले, आणि शेवटी त्या नव्या मुलाला खडीवर ब्रेक लागला आणि तो पडला. कॉलरबोन मोडलं. आता बरा आहे, हात अजून गळ्यात आहे. तो पडल्यावर पुढे गेलेले एकेक करून यू-टर्न मारून परत आले, रस्त्यावर ही गर्दी, कोणीतरी त्याचं हेल्मेट ओढायला लागलं, कोणी उठवून बसवत होतं. मी नुसती उभी होते, काय करायचं सुचेना.

आता पुढची राइड ठरलीये आणि मला म्हणाले, तू शांत डोक्याची आहेस, तू स्वीप हो. मी हो म्हणून बसले. स्वीप म्हणजे सगळ्यात मागे राहायचं यापलीकडे मला काय माहीत नाही. तर विचारायचंय की हळू चालवणाऱ्याला ग्रुपमध्ये कुठे ठेवतात, मागचे नेहमी पळतच का असतात, ओव्हरटेक कसा करायचा, आणि परत कोणी पडलं तर मी सगळ्यात आधी काय करायचं? अजून एक, आमचा लीड वयाने मोठा आहे, मनाने खूप चांगला आहे, गाडी पंक्चर झाली तर स्वतः खाली बसून काढून देणारा माणूस. त्याला वाईट न वाटता हे सगळं कसं सांगू?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तिथेच सगळं बिघडलंय. नवा किंवा हळू चालवणारा शेवटी नाही, लीडच्या लगेच मागे, दोन नंबरला. लीडने आरशात त्याला बघायचं आणि त्याला जो स्पीड जमतोय तोच ग्रुपचा स्पीड. शेवटी अनुभवी माणूस लागतो, कारण शेवटच्यालाच सगळ्यात अवघड चालवावं लागतं.

का ते सांगतो. समजा स्पीड ब्रेकर आला. लीड २० वर येतो, ब्रेकर ओलांडतो आणि परत ६० ला जातो. त्या वेळी चौदावा अजून ब्रेकरपर्यंत पोचलेला पण नाही. तो ओलांडेपर्यंत लीड दोनअडीचशे मीटर पुढे. मग तो ते अंतर भरायला ८५-९० मारतो, तेवढ्यात पुढे दुसरा अडथळा, सगळे स्लो, याला कचकन ब्रेक. स्प्रिंग ताणून सोडल्यासारखी रांग लांब होते आणि आखडते, आणि टोकाला असणाऱ्याला सगळे झटके बसतात. तुम्ही हळू चालवत होता म्हणून मागे नव्हता पडत, रांगच तशी होती. यावर उपाय लीडच्याच हातात आहे, वस्ती किंवा ब्रेकर ओलांडला की लगेच थ्रॉटल उघडायचा नाही, आरशात शेवटचा बाहेर आलेला दिसेपर्यंत सावकाश जायचं. आणि तुम्ही स्वीप म्हणून ठरवून टाका की गॅप पडली तरी मी पळवणार नाही.

आणि १४ बाईक्स एका रांगेत नकोतच. ६० च्या स्पीडला सेकंदाला साधारण १७ मीटर जातात, प्रत्येकात १ सेकंदाचंच अंतर धरलं तरी १४ जणांची रांग २०० मीटरच्या वर जाते. मागून येणारा कारवाला एवढी रांग कशी ओलांडणार, तो मधेच कुठेतरी घुसणार. पाच, पाच, चार असे तीन गट करा, प्रत्येकाला वेगळा लीड आणि वेगळा स्वीप. ५ ते ७ च्या वर एका गटात नको.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. फॉर्मेशनबद्दल लिहितो. सरळ मोकळ्या रस्त्यावर झिगझॅग, म्हणजे लीड लेनमध्ये रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला, दुसरा कडेच्या बाजूला आणि १ सेकंद मागे, तिसरा परत लीडच्या रेषेत, त्याच्यापासून २ सेकंद मागे. पुढच्याने खांब ओलांडला की मोजायला लागायचं, आपण त्याच खांबाशी पोचेपर्यंत. असं चालवलं की रांग आटोपशीर राहते आणि प्रत्येकाला बाजूला सरकायला जागा असते. शेजारी शेजारी, गप्पा मारत, अजिबात नको, खड्डा आला तर जायचं कुठे? वळणं, घाट, पाऊस, धुकं, खडी, अरुंद रस्ता यातलं काहीही आलं की एकेरी रांग आणि सगळ्यांमध्ये २ सेकंद किंवा जास्त, कारण वळणात प्रत्येकाला पूर्ण लेनची रुंदी लागते.

ओव्हरटेकचं मात्र नीट वाचा कारण तुमचा किस्सा वाचून काटा आला. ग्रुप कधीच ओव्हरटेक करत नाही, एकेक माणूस करतो. लीडला दिसलेला मोकळा रस्ता हा लीडचा, पाचव्याला दिसेपर्यंत तो रस्ता बदललेला असतो. आपली पाळी आली की मध्याकडच्या बाजूला यायचं, स्वतः समोर बघायचं, आरसा, इंडिकेटर, आणि स्वतःला पटलं तरच बाहेर. पुढचा आत गेल्याशिवाय दुसऱ्याने निघायचं नाही. आणि हे बरेच जण विसरतात, ओव्हरटेक करून आत आल्यावर लगेच स्लो व्हायचं नाही, थोडं पुढे जात राहायचं म्हणजे मागून येणाऱ्याला आत यायला जागा मिळते. पुढच्याने हाताने "ये ये" केलं तरी ऐकायचं नाही. त्याचं मन साफ असतं पण तुमच्या स्पीडचा, तुमच्या गाडीच्या पिकअपचा अंदाज त्याला कुठून येणार.

लाल लाइटवर नजर खिळण्याबद्दल पण लिहिलंत ते चांगलं केलंत. डोळे जिथे तिथे गाडी. पुढच्याची लाइन चुकली की मागचा पण त्याच्यामागे रस्त्याबाहेर जातो. नजर त्याच्या पलीकडे, वळण जिथे संपतंय तिथे ठेवायची सवय लावा.

प्रतिसाद ३ (धागाकर्ती)

तुम्हा दोघांचे खूप आभार. रांग २०० मीटर होते हे वाचून मी वहीत हिशोब करून बघितला, खरंच तेवढं येतंय. एक शंका, गट वेगळे केले आणि मी पळवायचं पण नाही, तर फाट्यावर आम्ही हरवलो तर? मागच्या वेळी सगळे पळत होते ते चुकण्याच्या भीतीनेच.

प्रतिसाद ४

म्हणूनच फाट्यावर माणूस ठेवतात. प्रत्येक वळायच्या ठिकाणी लीड आपल्या मागच्याला, म्हणजे त्या वेळी जो दोन नंबरला असेल त्याला, हाताने जागा दाखवतो. तो तिथे थांबतो, रस्ता सोडून पण सगळ्यांना दिसेल असा, आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला कधीच नाही, कारण कोणाची गाडी घसरली तर ती तिथेच येते. बाकीचे त्याला बघून वळतात, स्वीप आला की तो निघतो आणि स्वीपच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्याला नवा दोन नंबरवाला. म्हणजे कोणी कितीही हळू आला तरी चुकत नाही आणि कोणाला पळायची गरजच उरत नाही. दोन अटी आहेत. स्वीप आल्याशिवाय थांबलेल्याने हलायचं नाही, फोन आला तरी नाही. आणि स्वीप लांबून ओळखू यायला हवा, म्हणून ताई तुम्ही चमकणारं पिवळं जॅकेट घालाच. नवख्या मुलाला मात्र थांबायला लावू नका, त्याला लीडमागेच राहू दे, तिसऱ्याला थांबवा.

हाताच्या खुणा निघायच्या आधी उभ्या उभ्या सगळ्यांकडून करून घ्या. थोड्याच ठेवा: एक बोट वर म्हणजे एकेरी रांग, दोन बोटं म्हणजे झिगझॅग, तळवा खाली करून हात खाली-वर म्हणजे स्लो, टाकीकडे बोट म्हणजे पेट्रोल. उजव्या हातात थ्रॉटल आणि ब्रेक असतो म्हणून खुणा डाव्या हाताने, उजवीकडचा खड्डा उजव्या पायाने दाखवायचा. पण वळणात किंवा जोरात ब्रेक मारताना हात सोडायचा नाही, खूण राहिली तरी चालेल. पिलियन असेल तर तो मागच्यांना खूण देऊ शकतो, त्याला पण ब्रीफिंगला उभं करा. पेट्रोल टाकी भरून निघा, थांबे सगळ्यात छोट्या टाकीच्या हिशोबाने ठरवा, हवा टायर थंड असताना बघा.

प्रतिसाद ५

मी नर्स आहे, अपघात विभागात काम करते, आणि बाईक पण चालवते, म्हणून शेवटच्या भागाबद्दल लिहिते.

कोणी पडलं तर आधी त्याच्याकडे धावू नका. आधी मागून येणारी वाहनं थांबवा किंवा सावध करा. तुमची गाडी सुरक्षित लावून हॅझर्ड चालू, एक जण मागे लांबवर जाऊन हात दाखवत उभा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. मग त्याच्याजवळ. त्याला हलवू नका, उठवून बसवू नका, आग किंवा गाड्यांचा धोका असेल तरच हलवायचं. बोलतोय का, श्वास घेतोय का, रक्त कुठून येतंय ते बघा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. तो शुद्धीवर असेल, नीट श्वास घेत असेल तर हेल्मेट डोक्यावरच राहू दे, फक्त काच वर करा. मानेला दुखापत असू शकते आणि ओढाओढीत ती वाढते. श्वासच घेत नसेल किंवा उलटीने गुदमरत असेल तर काढावं लागतं, तेव्हा दोघं लागतात, एकाने मान आणि जबडा घट्ट स्थिर धरायचा आणि दुसऱ्याने हळूहळू हेल्मेट सरकवायचं. हे वाचून जमत नाही, प्रथमोपचाराचा वर्ग करा, निदान लीड आणि स्वीपने तरी. अॅम्ब्युलन्सला फोन एकानेच करायचा, ठिकाण नीट सांगायचं आणि समोरच्याने ठेव म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

आणि पुढे गेलेल्या सगळ्यांनी यू-टर्न मारून यायचं नाही. लीडने पुढे सुरक्षित जागा बघून सगळ्यांना रस्त्याबाहेर थांबवायचं, परत फक्त एक जण येणार, कोण ते आधीच ठरलेलं. प्रत्येकाच्या खिशात रक्तगट, औषधांची अॅलर्जी आणि घरचा नंबर लिहिलेला कागद असू दे, फोन लॉक असतो आणि बऱ्याचदा फुटलेला असतो.

तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात याचं वाईट वाटून घेऊ नका. कोणी शिकवलंच नव्हतं तर सुचणार कसं.

प्रतिसाद ६

लीडशी बोलायचं म्हणाल तर सगळ्यांसमोर किंवा ग्रुपवर नको. एकटं गाठा आणि त्या मुलाबद्दल नाही, स्वतःबद्दल बोला. ट्रकच्या मधोमध होता ते त्याला माहीत आहे का? मला नाही वाटत. पुढे असणाऱ्याला मागे काय चाललंय ते खरंच दिसत नाही, मी स्वतः ६ वर्षं लीड केलंय आणि एकदा मुद्दाम शेवटी चालवून बघितलं तेव्हा कळलं मी लोकांना किती पळवत होतो. त्यालाच म्हणा की दादा, एक टप्पा तुम्ही मागे चालवून बघा.

प्रतिसाद ७ (धागाकर्ती)

प्रतिसाद ६, तुमचं वाचून रडू आलं खरं सांगते. नाही, त्याला ट्रकचं माहीत नाही, मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आज संध्याकाळी त्याला फोन केला. आधी ट्रकचं सांगितलं, तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला "मला वाटलं तू आरामात येतेयस". फाट्यावर माणूस ठेवायचं त्याला लगेच पटलं, तीन गट करायला जरा कुरकुर केली, मजा जाते म्हणाला, पण रांगेचा हिशोब सांगितल्यावर बघू म्हणालाय. पहिल्या टप्प्यात तो स्वतः मागे चालवणार आहे आणि तेवढा वेळ मी लीड. त्या टप्प्यासाठी रस्ता आधी एकदा एकटीने बघून येणार आहे या रविवारी, खडी कुठे आहे, थांबायला जागा कुठे आहे ते लिहून घेते. प्रथमोपचाराच्या वर्गाला मी आणि अजून दोघांनी नाव दिलंय.

ज्याचं कॉलरबोन मोडलं तो यायचं म्हणतोय, कारमधून का होईना. त्याच्या डॉक्टरांनी परवानगी दिली तर प्रथमोपचाराची पेटी त्याच्या ताब्यात देणार आहे. पेटीत काय काय ठेवायचं ते प्रतिसाद ५ वाल्या ताई, जरा लिहाल का?