कॅन्सरच्या शेकानंतर (रेडिएशननंतर) पोटाचा जुना त्रास: गोव्यात कुणाला दाखवावं?

आबोली_साखळी: आईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शेक दिले होते. त्याला चारेक वर्षं झाली, कॅन्सर आता नाही. पण हल्ली जेवली की लगेच पळावं लागतं, अधूनमधून लाल रक्तही पडतं. गावच्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम दिलं. चतुर्थीला कुणाकडे गेली नाही, कदंबाच्या बसमध्ये बसायचीही धास्ती. काय करू?

जुनी_सिस्टर: मलमावर थांबू नका. शेकाने आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात. मग तिथे नव्या, नाजूक केशवाहिन्या येतात, त्यांतून रक्त येतं. म्हणून त्रास वर्षांनीही सुरू होतो. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) गॅस्ट्रोला, म्हणजे पोटाच्या तज्ज्ञांना दाखवा, आणि बसल्या बसल्या पहिलं शेकाचंच सांगा. किती ग्रे (शेकाचं माप) दिले, आतून शेक दिला होता का, ते कागद न्या. रक्त शेकाचंच की दुसरं काही, हे दुर्बिणीनेच कळेल. दुर्बीण करणाऱ्याला मात्र आधी शेकाचं माहीत हवं. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा गरज नसताना काढला तर जखम चिघळते, योनीमार्गापर्यंत भोकही पडू शकतं. रक्तासाठी सुक्राल्फेट या औषधाचा एनिमा देतात. थांबलं नाही तर दुर्बिणीतूनच आर्गॉन वायूच्या उपचाराने त्या वाहिन्या जाळतात.

मांडवीकाठ: जुलाबाचं कारण वेगळं असू शकतं. बाबांना प्रोस्टेटच्या शेकानंतर तसंच झालं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला शेक लागला की पित्तक्षार परत शोषले जात नाहीत, ते मोठ्या आतड्यात उतरले की जुलाब. त्यांना हे क्षार स्वतःला चिकटवून घेणारी कोलेस्टिरामिनची पूड दिली. चव भयंकर! बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार-सहा तासांनी घ्यायच्या, नाहीतर त्याही तिलाच चिकटतात. बी-१२ तपासा, तेही तिथेच शोषलं जातं.

आबोली_साखळी: देव बरें करूं! जेवणाचं काय? शेजारीण काढा दे म्हणते.

जुनी_सिस्टर: काढा राहू दे. उकड्या तांदळाची पेज, कमी तिखटाचं हुमण (माशांची आमटी) चालेल. आळसांदे (चवळी), पालेभाजी सध्या बेताने. दूध थोडे दिवस बंद करून फरक पडतो का बघा. हिमोग्लोबिन करून घ्याच. आणि पोट फुगून उलट्या झाल्या, रक्त भळभळा आलं किंवा चक्कर आली, तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी.

मांडवीकाठ: ओपीडीला सकाळी लवकर जा, गर्दी असते. आणि आईसाठी कपड्यांचा जादा जोड घ्या, रांगेत निर्धास्त राहतील.