कुंपणावर पिवळी दोऱ्यासारखी वेल, ना मूळ ना पान, ही जगते कशावर?

पानवेडी:
नमस्कार मंडळी, आमच्या ड्युरांटाच्या कुंपणावर महिन्याभरापूर्वी एका कोपऱ्यात पिवळे दोरे दिसले, मला आधी वाटलं लोकरीचा गुंता अडकलाय. आता दोन हात जागा पूर्ण झाकून गेलीये. एकदा सगळं ओढून काढलं तर पंधरा दिवसांत त्याच फांद्यांवर परत हजर! खाली जमिनीपर्यंत हात घालून मूळ शोधलं, ते कुठेच नाही, पानंही नाहीत. मग ही खाते काय आणि ओढून काढल्यावर परत येते कुठून? मनीप्लांट पण झाडावर चढतो की, पण त्याने झाडाची पानं अशी पिवळी पडत नाहीत. जीव तुटतोय कुंपण बघून, कोणीतरी सांगा.

बीजांकुर:
ताई ही अमरवेल दिसतेय. मनीप्लांट झाडाचा फक्त आधार घेतो, अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत बनवतो. अमरवेलीत हरितद्रव्य जवळपास नसतंच, त्यामुळे पाणी, क्षार, साखर सगळं ती झाडाकडूनच घेते.

मूळ सापडलं नाही कारण ते आता राहिलेलंच नाहीये. बी रुजतं तेव्हा मुळासारखं एक छोटंसं टोक असतं, पण बियांतला साठा इतका थोडा की बारीक दोऱ्यासारखा कोंब थोड्याच दिवसांत झाडापर्यंत पोचला नाही तर मरून जातो. पोचला की खोडाला वेटोळे घालतो आणि जिथे चिकटला तिथून चूषक मुळं फुटतात. ही मुळं साल फोडून आत शिरतात आणि झाडाच्या पाण्याच्या नळ्या आणि अन्नाच्या नळ्या, दोन्हींना जाऊन जोडली जातात. एकदा जोड बसला की खालचा भाग वाळून जातो आणि जमिनीशी संबंध संपतो.

मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे कोंब झाड शोधतो कसा. २००६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की अमरवेलीचा कोंब टोमॅटोच्या वासाकडे वाढत जातो, झाड नसेल आणि नुसता त्याचा वास ठेवला तरीसुद्धा, आणि एका बाजूला गहू आणि दुसऱ्या बाजूला टोमॅटो असेल तर टोमॅटोकडेच जास्त वळतो. नाक नाही डोळे नाहीत आणि तरी निवड करते, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तेच डोक्यात होतं.

खुरपं_आणि_कात्री:
वरची माहिती बरोबर आहे, मी फक्त काढायचं सांगतो कारण तिथेच सगळे फसतात. ओढल्यावर वेल तुटते पण चूषक मुळं सालीच्या आत तशीच राहतात, तिथून नवे कोंब फुटतात, तुमचं तेच झालंय. शिवाय ओढताना पडलेला तुकडा शेजारच्या फांदीवर अडकला तर तिथेही चिकटू शकतो. त्यामुळे वेल सोडवत बसू नका, जिथे जिथे चिकटलीये त्याच्या खालून ड्युरांटाची फांदीच कापा. मन होत नाही कापायला, पण ड्युरांटा परत फुटतो.

आणि बी धरायच्या आधी करा!! कवच टणक असतं, बी मातीत दहा वर्षांहून जास्त टिकू शकतं, म्हणजे एक हंगाम आळस केला की पुढची कित्येक वर्षं तण काढत बसायचं.

रानवाटा:
एक बघून घ्या, आकाशवेल म्हणून अगदी अशीच दिसणारी दुसरी वेल असते आणि बरेच लोक दोन्हींना एकच समजतात. अमरवेल नात्याने गारवेल, रताळं यांच्या कुळातली, आकाशवेल मात्र दालचिनीच्या कुळातली. म्हणजे दोन वेगवेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला! आकाशवेल जरा हिरवट आणि चिवट असते, तिला गोल गरदार फळ येतं ज्यात एकच बी, अमरवेलीला छोटी कोरडी बोंडं येतात. काढायची पद्धत तीच. बांडगूळ मात्र वेगळं हां, त्याला हिरवी पानं असतात, ते मुख्यतः पाणी आणि क्षार घेतं.

पानवेडी:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आत्ता जाऊन बघून आले, हिरवट अजिबात नाही, पिवळी-केशरी आणि नाजूक आहे, म्हणजे अमरवेलच. पण तिच्यावर पांढऱ्या बारीक फुलांचे झुपके दिसले! आणि त्याच कोपऱ्यात छाटणी राहिल्यामुळे ड्युरांटालाही फुलं आलीयेत. हा योगायोग आहे का?

बीजांकुर:
योगायोग नसेलही. २०२० मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी अमरवेलीच्या एका जातीत हेच तपासलं. झाडाला फुलायची वेळ झाली की पानांत एक प्रथिन तयार होतं, तोच निरोप चूषक मुळांतून वेलीत जातो आणि वेलही फुलते, कारण वेळ ओळखायची तिची स्वतःची यंत्रणा मोडून गेलीये. तुमच्या वेलीचंही असंच असेल असं ठाम नाही म्हणत, पण जुळतंय खरं.

खुरपं_आणि_कात्री:
फुलं आली म्हणजे बोंडं लांब नाहीत, आजच कापा. खाली जुनी चादर अंथरा म्हणजे तुकडे पडणार नाहीत, कापलेलं काहीही कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून बाहेर काढा. आणि पुढचे दोन-तीन महिने दर आठवड्याला तो कोपरा बघत राहा, नवा पिवळा दोरा दिसला की लगेच फांदीसकट उडवा.

पानवेडी:
कात्री घेऊन निघालेच.