नवे सॉफ्टवेअर टाकल्यावर डेस्कटॉपवरचे जुने आयकॉन दिसेनासे झाले

प्रश्न (आडत दुकान, मोंढा, लातूर):
सोयाबीनची आवक जोरात असतानाच काल आम्ही हिशेबपट्टीचे नवे सॉफ्टवेअर विंडोज १० च्या संगणकावर टाकून घेतले. ते टाकत असताना मध्येच लाईट गेली, परत आल्यावर राहिलेले काम पूर्ण झाले आणि सॉफ्टवेअर चालूही झाले. मात्र आज सकाळी संगणक सुरू केला, तेव्हा डेस्कटॉपवर जुनी खतावणी, मराठी टायपिंगचा प्रोग्राम आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे फोल्डर यांपैकी काहीच नव्हते. फक्त रिसायकल बिन, क्रोम आणि नव्या सॉफ्टवेअरचा आयकॉन उरला आहे. स्टार्ट मेन्यूतून जुनी खतावणी उघडते, म्हणजे ती पुसली गेलेली नाही. नवे सॉफ्टवेअर काढून टाकले तर आयकॉन परत येतील का?

उत्तर (अंबाजोगाई):
डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून ‘व्ह्यू’मध्ये ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’समोर खूण आहे का, ते पाहावे. आमच्या शाळेतील संगणकावर ती चुकून निघाली होती.

उत्तर (संगणक दुरुस्ती, परभणी):
ताई, ती खूण निघाली असती तर रिसायकल बिनसह सगळेच आयकॉन गेले असते. इथे काही गेले आणि काही राहिले, यातच खरी खूण आहे. आपल्याला एकच डेस्कटॉप दिसत असला तरी विंडोज तो दोन फोल्डरमधून मांडते: एक सी ड्राइव्हवर आपल्या स्वतःच्या खात्यातला, आणि दुसरा ‘पब्लिक’ नावाचा, सगळ्या खात्यांसाठी सामाईक. आपल्याकडे सामाईक तेवढे राहिले आहे.

आडतदार साहेब, डेस्कटॉपवरचे पार्श्वचित्रही बदलले आहे का? तसे असेल तर आज डेस्कटॉपवर जतन केलेल्या एखाद्या फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘लोकेशन’ वाचावे. तिथे ‘टेम्प’ असे दिसले, तर लाईट गेली तेव्हा आपले खाते नीट बंद न झाल्याने विंडोजने तात्पुरते खाते उघडून दिले आहे, असे समजावे. मग मात्र घाई करू नये, कारण तात्पुरत्या खात्यात जतन केलेले सर्व काही साइन आउट करताच पुसले जाते. आजच्या पट्ट्या आधी डी ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात आणि नंतरच संगणक दोनदा रीस्टार्ट करून पाहावा.

प्रश्नकर्ता:
आपला अंदाज बरोबर निघाला. सिद्धेश्वराच्या फोटोच्या जागी विंडोजचे निळे चित्र आले होते, ते मी नव्या सॉफ्टवेअरच्या माथी मारून मोकळा झालो होतो. लोकेशनमध्ये ‘टेम्प’च आहे. आजच्या अकरा पट्ट्या डी ड्राइव्हवर घेतल्या, पण दोनदा रीस्टार्ट करूनही फरक नाही.

उत्तर (परभणी):
आता रेजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदी बदलण्याचे साधन, उघडावे लागेल. ‘लोकल मशीन’खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन या क्रमाने ‘प्रोफाइल लिस्ट’पर्यंत जावे आणि काहीही बदलण्यापूर्वी तिची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवावी. तिथे एकाच लांबलचक क्रमांकाच्या दोन नोंदी असतील आणि एकीच्या शेवटी ‘डॉट बॅक’ (.bak) असेल. ‘प्रोफाइल इमेज पाथ’मध्ये आपल्या जुन्या खात्याचे नाव दिसते, ती हीच. शेपूट नसलेल्या नोंदीला शेवटी ‘डॉट ओल्ड’ (.old) जोडावे, दुसरीचे ‘डॉट बॅक’ काढावे आणि रीस्टार्ट करावे. या कामाचा हात नसेल तर जाणकाराला शेजारी बसवावे. यानेही जमले नाही, तरी जुन्या खात्याचे फोल्डर सी ड्राइव्हवर असतेच. नवे खाते उघडून त्यात फायली उतरवता येतात.

प्रश्नकर्ता:
भाच्याला बोलावून तसेच केले. फोटो, फोल्डर, खतावणी सर्व जागेवर आले आणि नवे सॉफ्टवेअरही काढावे लागले नाही. फक्त मराठी टायपिंगचा आयकॉन कोऱ्या पांढऱ्या कागदासारखा दिसतो, पण क्लिक केल्यावर प्रोग्राम उघडतो.

उत्तर (परभणी):
तो दोष आयकॉन कॅशचा, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या आयकॉनच्या चित्रांच्या साठ्याचा आहे, प्रोग्रामचा नाही. टास्क मॅनेजरमधून ‘विंडोज एक्सप्लोरर’ रीस्टार्ट करून पाहावे. इन्व्हर्टरची एक वायर मात्र आजच संगणकापर्यंत ओढून घ्यावी.